लॉग डिलीट केला, तरी डिस्क भरलेलीच का? लिनक्स सर्व्हरवरच्या लॉग फाइली कशा सांभाळायच्या

डिस्क शंभर टक्के भरली आहे. डेटाबेसला लिहायला जागा नाही, वेबसाइट ५०० ची एरर देते आहे. शोधाशोध केल्यावर /व्हार/लॉग मध्ये ४० जीबीची एकच लॉग फाइल (प्रोग्रॅम आपल्या कामाच्या नोंदी लिहितो ती फाइल) सापडते. घाईघाईने आरएम (फाइल पुसायची कमांड) मारून ती उडवली जाते आणि डिस्क किती भरली ते दाखवणारं डीएफ -एच पुन्हा चालवलं तर आकडा जागचा हललेला नसतो. फाइल तर गेली, मग जागा कुठे अडकली?

लॉगच्या बाबतीत होणारे बहुतेक घोळ याच एका प्रश्नापाशी येऊन थांबतात. त्याचं उत्तर नीट समजलं की रोटेशनची (जुना लॉग बाजूला ठेवून नवा सुरू करण्याची) सेटिंग पाठ करावी लागत नाहीत, ती आपोआप सुचतात. (कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.)

नाव वेगळं, फाइल वेगळी

लिनक्समध्ये फाइलचं नाव म्हणजे डिरेक्टरीतली एक नोंद. खरा मजकूर ज्याच्या ताब्यात असतो त्याला आयनोड म्हणतात. एखादी प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) फाइल उघडते तेव्हा ती नावावरून आयनोडपर्यंत पोचते आणि तिथून पुढे नावाकडे ढुंकूनही पाहत नाही. नाव बदला, नाव पुसून टाका. तिच्या हातात आयनोड आहे आणि ती त्यातच लिहीत राहते.

आरएम फक्त नाव पुसतं. डिस्कवरची जागा मोकळी व्हायची तर दोन गोष्टी लागतात: त्या आयनोडला एकही नाव उरलेलं नसणं, आणि एकाही प्रोसेसने तो उघडून ठेवलेला नसणं. वरच्या प्रसंगात वेब सर्व्हरने फाइल धरून ठेवली होती. म्हणून फाइलींचा आकार मोजणारं डीयू म्हणतं जागा रिकामी आहे, कारण ते नावं मोजत जातं; आणि डीएफ म्हणतं भरली आहे, कारण ते फाइलसिस्टमला विचारतं. या दोन आकड्यांत मोठी तफावत दिसली की पहिला संशय अशा अनाथ फाइलींवर घ्यावा.

त्या शोधायला एलएसओएफ +एल१ (यातला एल मोठा) ही कमांड आहे. नाव पुसलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइली ती दाखवते, सोबत प्रोसेसचा पीआयडी (तिचा क्रमांक) आणि फाइल डिस्क्रिप्टरचा (तिने उघडलेल्या फाइलच्या खुणेचा) नंबर. ती सर्व्हिस रीस्टार्ट केली की जागा सुटते. रीस्टार्ट करणं परवडणारं नसेल तर ट्रंकेट -एस ० /प्रॉक/पीआयडी/एफडी/नंबर असं चालवून तीच फाइल आतून शून्यावर आणता येते. फक्त त्याआधी तो डिस्क्रिप्टर लॉगचाच आहे ना, हे दोनदा तपासा. डेटाबेसही तात्पुरत्या फाइली नाव पुसून उघड्या ठेवतात, आणि त्यांना हात लावणं महागात पडतं.

मुळात आरएम मारायचंच नव्हतं. चालू लॉग रिकामा करायचा असेल तर ट्रंकेट -एस ० आणि फाइलचं नाव. आयनोड तोच राहतो, मजकूर जातो, जागा लगेच सुटते. मजकूर पुढे तपासासाठी लागण्याची शक्यता असेल तर आधी टेल -एन ५००० ने शेवटच्या ओळी दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या. बहुतेक वेळा डिस्क भरण्याचं कारणच त्या शेवटच्या ओळींत लिहिलेलं असतं: एकच एरर सेकंदाला हजार वेळा.

कोणती डिरेक्टरी फुगली ते शोधताना डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ /व्हार चालवून त्याचा निकाल सॉर्ट -एच कडे पाठवा. यातला एक्स महत्त्वाचा, तो दुसऱ्या माउंट केलेल्या डिस्कांमध्ये शिरत नाही. सोबत डीएफ -आय सुद्धा बघून घ्या. जागा शिल्लक असूनही आयनोड संपलेले असतील तर नवी फाइल तयार होत नाही आणि एरर मात्र तीच येते, जागा नसल्याची. लाखो बारक्या फाइली साचल्या की असं होतं.

रोटेशन: रात्री नेमकं काय घडतं

लॉग रोटेट करण्याचं काम बहुतेक सर्व्हरवर लॉगरोटेट करतं. ते सतत चालणारं सॉफ्टवेअर नाही. क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्रॅम) किंवा सिस्टमडीचा (सर्व्हिस सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) टायमर ते दिवसातून एकदा चालवतो. ते कॉन्फिग वाचतं, काम करतं आणि संपतं. मुख्य कॉन्फिग /ईटीसी/लॉगरोटेट.कॉन्फ मध्ये आणि प्रत्येक सर्व्हिसचं स्वतंत्र /ईटीसी/लॉगरोटेट.डी मध्ये असतं. एनजिनएक्स या वेब सर्व्हरसाठीचं नेहमीचं कॉन्फिग साधारण असं दिसतं:

/व्हार/लॉग/एनजिनएक्स/*.लॉग {
  डेली
  रोटेट १४
  मिसिंगओके
  नॉटइफएम्प्टी
  कॉम्प्रेस
  डिलेकॉम्प्रेस
  क्रिएट ०६४० डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा एडीएम
  शेअर्डस्क्रिप्ट्स
  पोस्टरोटेट
    (एनजिनएक्सच्या मुख्य प्रोसेसला यूएसआर१ सिग्नल)
  एंडस्क्रिप्ट
}

आता हे हळू चालवून बघू. लॉगरोटेट आधी जुन्या फाइली एकेक घर पुढे सरकवतं, मग ॲक्सेस.लॉग चं नाव बदलून ॲक्सेस.लॉग.१ करतं. नाव बदललं, आयनोड तोच. म्हणजे या क्षणी एनजिनएक्स ॲक्सेस.लॉग.१ मध्येच लिहीत आहे. मग क्रिएट या ओळीमुळे ॲक्सेस.लॉग नावाची नवी, रिकामी फाइल तयार होते. तिच्याकडे अजून कोणाचं लक्ष नाही. शेवटी पोस्टरोटेट मधला सिग्नल, म्हणजे प्रोसेसला दिलेली सूचना, जातो. यूएसआर१ मिळाला की एनजिनएक्स जुन्या फाइली बंद करून त्याच नावांनी पुन्हा उघडतं, आणि आता कुठे नव्या फाइलमध्ये ओळी येऊ लागतात.

सगळा डोलारा त्या एका सिग्नलवर उभा आहे. पीआयडी फाइलचा पत्ता बदलला किंवा पोस्टरोटेट मध्ये चुकीच्या सर्व्हिसचं नाव राहिलं तर सिग्नल पोचत नाही. मग ॲक्सेस.लॉग शून्य बाइटवर बसून राहतो आणि ॲक्सेस.लॉग.१ फुगत जातो. दुसऱ्या रात्री नॉटइफएम्प्टी बघतं की ॲक्सेस.लॉग रिकामाच आहे, आणि त्याला सोडून देतं. तिसऱ्या रात्रीही तेच. रोटेशन कायमचं ठप्प होतं आणि कुठेही एरर दिसत नाही. त्यामुळे फाइलींची यादी देणाऱ्या एलएस -एलएच मध्ये चालू लॉग शून्य आणि .१ ची फाइल अवाढव्य दिसली तर दुसरीकडे शोधू नका, सरळ पोस्टरोटेट तपासा.

डिलेकॉम्प्रेस का, तेही इथेच कळतं. सिग्नलनंतरही हातातलं काम संपवणारी एखादी वर्कर प्रोसेस थोडा वेळ जुन्या फाइलमध्ये लिहू शकते. त्याच वेळी ती फाइल जीझिप केली (दाबून लहान केली) तर मूळ फाइलचं नाव पुसलं जातं आणि त्या ओळी हरवतात. म्हणून .१ एक दिवस तशीच ठेवायची, दाबायची ती .२ झाल्यावर. सिग्नल पोचत नसताना डिलेकॉम्प्रेस काढून टाकलं तर स्थिती आणखी वाईट: प्रोसेस नाव नसलेल्या आयनोडमध्ये लिहीत राहते, आणि आपण पुन्हा लेखाच्या पहिल्या परिच्छेदात.

रोटेट १४ म्हणजे चौदा दिवस, हे फक्त डेली सोबत खरं आहे. तो आकडा दिवसांचा नसून जुन्या फाइलींच्या संख्येचा आहे. वीकली सोबत तो चौदा आठवडे होतो. दिवसांचीच मर्यादा हवी असेल तर मॅक्सएज लिहा.

आकडा ठरवताना अंदाजपंचे जाऊ नका, एक साधा गुणाकार करा. ॲक्सेस लॉगची एक ओळ २०० बाइटची धरली आणि सेकंदाला १०० रिक्वेस्ट येत असतील, तर दिवसाचे ८६,४०० सेकंद धरून ८६ लाख ४० हजार ओळी, म्हणजे जवळपास पावणेदोन जीबी रोज. चालू फाइल आणि चौदा जुन्या फाइली न दाबता ठेवल्या तर २६ जीबी. मजकुराचे लॉग जीझिपने साधारण दहाव्या हिश्श्यापर्यंत उतरतात असं धरलं, तर दोन न दाबलेल्या आणि तेरा दाबलेल्या मिळून सहा जीबीच्या आत. दाबलेल्या फाइली वाचायला त्या उलगडायची गरज नाही. झेडग्रेप आणि झेडलेस त्या तशाच वाचतात.

नमुन्यातल्या *.लॉग कडेही लक्ष द्या. इथे नुसता * लिहिला तर पुढच्या रात्री ॲक्सेस.लॉग.१ सुद्धा नवा लॉग समजला जातो आणि त्याचा ॲक्सेस.लॉग.१.१ होतो. महिन्याभरात डिरेक्टरीत अशा फाइलींचं रान माजतं.

सिग्नल न कळणारे प्रोग्रॅम

काही प्रोग्रॅमना लॉग पुन्हा उघडायची सोयच नसते. त्यांच्यासाठी कॉपीट्रंकेट आहे: फाइलची प्रत काढायची आणि मूळ फाइल जागच्या जागी शून्यावर आणायची. वापरायला सोपं आहे, पण शेवटचा उपाय म्हणूनच वापरावं. प्रत संपणं आणि फाइल रिकामी होणं यांच्या मध्ये आलेल्या ओळी कायमच्या जातात. शिवाय प्रत काढायला तेवढीच मोकळी जागा लागते. २० जीबीचा लॉग आणि १० जीबी शिल्लक, म्हणजे रोटेशनच डिस्क भरून टाकणार.

यात एक फसवी गोष्ट आहे. प्रोग्रॅमने फाइल अपेंड पद्धतीने उघडलेली असेल तर रिकामी केल्यावर तो सुरुवातीपासून लिहितो. तशी नसेल तर आपण ५ जीबीवर पोचलो होतो हे तो लक्षात ठेवतो आणि पुढची ओळ तिथेच लिहितो. आधीचा भाग शून्य बाइटनी भरलेला भासतो. एलएस -एल ५ जीबी दाखवतं, डीयू काही केबी, आणि मजकूर शोधणारं ग्रेप म्हणतं ही बायनरी फाइल आहे. शेलमधून एखादी स्क्रिप्ट एका > ने लॉगकडे वळवली की नेमकं हेच होतं. तिथे >> लिहायचं. एका चिन्हाचा फरक आहे, पण त्याने कॉपीट्रंकेट सुरळीत चालतं.

साइजवर रोटेट करताना

साइज १००एम लिहिलं म्हणजे फाइल १०० एमबी झाली की लगेच रोटेट होईल, असा समज फार पसरलेला आहे. लॉगरोटेट चालतं दिवसातून एकदा. तेव्हा बघितलं तरच त्याला साइज कळणार. मधल्या तेवीस तासांत फाइल ३० जीबी झाली तरी ते झोपलेलं आहे. वेगाने वाढणाऱ्या लॉगसाठी टायमर ताशी करावा लागतो: सिस्टमसीटीएल एडिट लॉगरोटेट.टायमर करून ऑनकॅलेंडर ला अवरली द्या.

तीन शब्द सारखे दिसतात, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. साइज दिलं की डेली-वीकली बाजूला पडतं, फक्त आकार बघितला जातो. मॅक्ससाइज म्हणजे वेळ झाली किंवा आकार ओलांडला, यांपैकी काहीही एक. मिनसाइज म्हणजे वेळही झाली पाहिजे आणि तेवढा आकारही. सर्व्हरला बहुतेक वेळा हवं असतं ते मॅक्ससाइज.

ताशी टायमर लावताना डेटएक्स्ट चालू आहे का तेही पाहा. रेड हॅट घराण्यात ते मूळ कॉन्फिगमध्येच असतं. त्यात फाइलच्या नावापुढे फक्त तारीख लागते. त्याच दिवशी दुसऱ्यांदा रोटेट करायला गेलं की त्या नावाची फाइल आधीच असते आणि लॉगरोटेट माघार घेतं. डेटफॉरमॅट मध्ये तासही घातला की प्रश्न मिटतो.

चाचणी आणि न चालण्याची कारणं

नवं कॉन्फिग लिहिलं की लॉगरोटेट -डी ने कोरडी चाचणी घ्या. काहीही न बदलता ते काय करणार आहे ते सांगतं. चाचणी मात्र पूर्ण लॉगरोटेट.कॉन्फ देऊन करा. नुसती स्वतःची छोटी फाइल दिली तर मुख्य कॉन्फिगमधली सेटिंग वाचलीच जात नाहीत. उबुंटूमध्ये /व्हार/लॉग वर ग्रुपला लिहायची परवानगी असते आणि त्यासाठीची एसयू रूट एडीएम ही ओळ मुख्य कॉन्फिगमध्ये आहे; सुटी फाइल तपासली की परवानग्या असुरक्षित असल्याची तक्रार येते आणि माणूस नसलेला दोष शोधत बसतो. याउलट -एफ ने सक्ती करताना सुटीच फाइल द्या, नाहीतर सर्व्हरवरचे सगळे लॉग एकदम रोटेट होतील.

ॲप्लिकेशनच्या स्वतःच्या डिरेक्टरीत लॉग असतील तर ही परवानग्यांची तक्रार बऱ्याचदा खरी असते. रूट नसलेल्या ग्रुपला किंवा सगळ्यांना लिहिता येईल अशा डिरेक्टरीत लॉगरोटेट रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून काम करायला नकार देतं, कारण तिथे कोणी फाइलच्या जागी लिंक ठेवून रूटकडून भलतंच काही करून घेऊ शकतो. उपाय म्हणजे त्या ब्लॉकमध्ये एसयू देऊन योग्य युजर आणि ग्रुप लिहिणं. तसंच एकच फाइल दोन कॉन्फिगमध्ये आली की डुप्लिकेट नोंदीची एरर येते. नाव बदलून ठेवलेली जुनी कॉन्फिग फाइल त्याच डिरेक्टरीत राहून जाणं, हे त्याचं नेहमीचं कारण.

आणि कॉन्फिग टाकल्यावर पहिल्या रात्री काहीच झालं नाही तर घाबरू नका. स्टेट फाइलमध्ये (डेबियनमध्ये /व्हार/लिब/लॉगरोटेट/स्टेटस) त्या लॉगची तारीख नसते, म्हणून पहिल्या वेळी लॉगरोटेट फक्त तारीख नोंदवतं. खरं रोटेशन त्यापुढच्या रात्री.

जर्नलचा हिशेब वेगळा

सिस्टमडीचं जर्नल, म्हणजे त्याचा स्वतःचा नोंदींचा साठा, लॉगरोटेटच्या कक्षेत येत नाही, ते स्वतःच्या फाइली स्वतः सांभाळतं. /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी असेल तर नोंदी डिस्कवर राहतात; नसेल तर बऱ्याच सिस्टमवर मूळ सेटिंगनुसार त्या /रन खाली मेमरीत राहतात आणि रीबूटला पुसल्या जातात. सर्व्हर रात्री आपोआप रीबूट झाला आणि सकाळी जर्नलसीटीएल -बी -१ ने मागच्या बूटचं काहीच दाखवलं नाही, तर ही डिरेक्टरी नाही असं समजा.

डिस्कवरच्या जर्नलची मूळ मर्यादा फाइलसिस्टमच्या १० टक्के, पण ४ जीबीच्या वर नाही. ती जर्नलडी.कॉन्फ मध्ये सिस्टममॅक्सयूज ने बदलता येते, उदाहरणार्थ ५००एम; त्यानंतर सिस्टमडी-जर्नलडी रीस्टार्ट करा. लगेच जागा हवी असेल तर आधी जर्नलसीटीएल --रोटेट आणि मग --व्हॅक्यूम-साइज=५००एम. पहिली पायरी गाळली तर अपेक्षेपेक्षा कमी जागा सुटते, कारण व्हॅक्यूम फक्त बंद झालेल्या फाइलींना हात लावतं, चालू फाइलला नाही.

जर्नल ओळी गाळूही शकतं. एखादी सर्व्हिस ३० सेकंदांत मूळ मर्यादेच्या, म्हणजे साधारण १०,००० ओळींच्या पुढे गेली की जादा ओळी टाकून दिल्या जातात आणि किती गाळल्या याची एक नोंद राहते. नेमक्या बिघाडाच्या वेळी लॉग गप्प दिसला तर ती नोंद आधी शोधा. सर्व्हिस बोलत होती, पण ऐकून घेतलं गेलं नाही.

जर्नल आणि आरसिसलॉग (लॉग साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिणारी सर्व्हिस) दोन्ही चालू असतील तर बऱ्याच ओळी दोन ठिकाणी साठतात. डेबियन १२ पासून आरसिसलॉग मुळात बसवलेलंच नसतं. त्यामुळे /व्हार/लॉग/सिसलॉग सापडत नाही म्हणून गोंधळू नका, जर्नलसीटीएल वापरा. -यू ने सर्व्हिस, --सिन्स ने वेळ आणि -पी ईआरआर ने गांभीर्य निवडता येतं. शेवटच्या पर्यायात एरर आणि त्याहून गंभीर, म्हणजे ० ते ३ पातळीच्या नोंदी येतात.

डॉकर कंटेनरचे (वेगळ्या कप्प्यात चालवलेल्या प्रोग्रॅमचे) लॉग या दोघांच्याही बाहेर, /व्हार/लिब/डॉकर/कंटेनर्स खाली जेसनच्या रूपात साचतात, आणि मूळ सेटिंगमध्ये त्यांना कसलीच मर्यादा नाही. डेमन.जेसन मध्ये मॅक्स-साइज १०एम आणि मॅक्स-फाइल ३ द्या. दोन्ही किमती अवतरणचिन्हांत लिहाव्या लागतात. डॉकर रीस्टार्ट केल्यावरही जुन्या कंटेनरना ही मर्यादा लागत नाही. ते काढून नव्याने तयार करावे लागतात.

लॉग सर्व्हरबाहेरही हवेत

सर्व्हरमध्ये घुसलेला माणूस आधी लॉग पुसतो, आणि डिस्कच गेली तर ती का गेली हे सांगणारे लॉगही तिच्यासोबत जातात. म्हणून किमान लॉगिन आणि एररचे लॉग दुसऱ्या यंत्रावर पाठवा. आरसिसलॉगमध्ये पत्त्यापुढे एक @ म्हणजे यूडीपी, दोन @@ म्हणजे टीसीपी. यूडीपीत ओळ पोचली की नाही हे कळत नाही. टीसीपी घ्या आणि पलीकडचं यंत्र बंद असताना ओळी डिस्कवर थांबतील अशी क्यू लावा, तिलाही आकाराची मर्यादा घालून. सगळ्या यंत्रांची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या पद्धतीने) जुळलेली आणि यूटीसीवर ठेवा. सिसलॉगच्या जुन्या पद्धतीच्या ओळीत साल नसतं आणि टाइमझोनही नसतो. चार सर्व्हरच्या ओळी शेजारी ठेवून क्रम लावायची वेळ आली की याची किंमत कळते.

सगळं बसवून झालं की तीन दिवसांनी एलएस -एलएच /व्हार/लॉग/एनजिनएक्स चालवा. चालू लॉगमध्ये आत्ताच्या ओळी हव्यात, .१ च्या फाइलची शेवटची वेळ काल रात्रीच्या रोटेशनची हवी, आणि .२.जीझेड तिच्यापेक्षा कितीतरी लहान हवी. मग एलएसओएफ +एल१ चालवा. त्यात /व्हार/लॉग मधली एकही फाइल दिसता कामा नये.